आधार बदलला की विस्थापन किती बदलते: संरचना विश्लेषणाची सुरुवात करणाऱ्यांसाठी

संरचनेचे विश्लेषण नव्याने शिकणाऱ्याचे बहुतेक लक्ष भारांकडे आणि काटछेदांकडे, म्हणजे दांडा आडवा कापल्यावर दिसणाऱ्या आकारांकडे, असते. भार किती आहे, तुळई किती खोल आहे, साहित्य कोणते आहे, हे तो दोनदोनदा तपासतो. आधार मात्र सॉफ्टवेअरच्या यादीतले एक चिन्ह निवडून काही क्षणांत लावून टाकतो. उत्तरात येणारे विस्थापन या निवडीने पाचपट, कधी पन्नासपट बदलू शकते, तर काटछेद एक आकाराने मोठा घेतल्यास फरक साधारण दीडपटीचा पडतो. म्हणून आधार ठरवण्याचे काम सावकाश आणि लिहून करावे. ते कसे करावे हे पुढे एकाच तुळईच्या आधारे दाखवले आहे. कागद, पेन आणि साधा कॅल्क्युलेटर जवळ ठेवून प्रत्येक आकडा स्वतः काढून पाहिला तरच या वाचनाचा उपयोग होईल.

पायरी १: आधार कोणती हालचाल अडवतो, ते लिहून काढा

एका प्रतलातल्या चौकटीत प्रत्येक सांध्याला तीन हालचाली शक्य असतात: आडवे सरकणे, वरखाली सरकणे आणि फिरणे. त्रिमितीय संरचनेत याच हालचाली सहा होतात. आधार यांपैकी काही हालचाली शून्य करतो आणि बाकीच्या मोकळ्या सोडतो. रोलर आधार फक्त एक सरकणे अडवतो, तेही त्याच्या पृष्ठभागाला लंब असलेल्या दिशेतले. बिजागरीचा आधार, ज्याला रोजच्या बोलण्यात पिन म्हणतात, दोन्ही सरकणी अडवतो पण फिरू देतो. पक्का आधार, म्हणजे फिक्स्ड सपोर्ट, तिन्ही हालचाली अडवतो.

एक नियम आधीच पक्का करून घ्यावा. जिथे हालचाल अडवली तिथे प्रतिक्रिया, म्हणजे आधाराने उलट दिलेले बल किंवा मोमेंट (फिरवू पाहणारा जोर), निर्माण होते आणि तिचे मूल्य विश्लेषणातून कळते. जिथे हालचाल मोकळी सोडली तिथे प्रतिक्रिया शून्य असते आणि विस्थापन विश्लेषणातून कळते. एकाच दिशेत बल आणि विस्थापन दोन्ही आपण ठरवू शकत नाही. हे नीट समजले की ‘पक्का आधार लावला, पण तिथला मोमेंट शून्य का आला नाही’ असा प्रश्न मनात उरत नाही.

यासाठी प्रत्येक आधाराची एक ओळ कागदावर लिहावी: कोणता सांधा, आडवे अडले का, उभे अडले का, फिरणे अडले का, आणि प्रत्येक ‘हो’ पुढे ते कशाने अडले. हा शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा आहे. ‘फिरणे अडले: चार बोल्टांनी घट्ट बसवलेली जाड तळपट्टी आणि खाली मोठा पाया’ असे लिहिता आले तर तो आधार पक्का धरण्याला काही अर्थ आहे. त्या रकान्यात काहीच लिहिता येत नसेल तर ते बंधन आपण कल्पनेने घातलेले आहे.

बंधने पुरेशी आहेत का, हेही याच कागदावर पाहून घ्यावे. प्रतलातल्या संरचनेला किमान तीन बंधने लागतात, आणि ती तिन्ही समांतर असून चालत नाही किंवा तिन्हींच्या रेषा एकाच बिंदूत मिळूनही चालत नाही. तीन उभ्या रोलरांवर ठेवलेल्या तुळईला तीन बंधने आहेत खरी, पण आडव्या दिशेत ती तरंगतेच आहे. अशा वेळी सॉफ्टवेअर एकतर ताठरपणाची मॅट्रिक्स (संरचनेची समीकरणे मांडणारा तक्ता) सोडवता येत नाही असा इशारा देते किंवा विस्थापनाचा आकडा शेकडो मीटरांत दाखवते. इशारा बंद व्हावा म्हणून दिसेल त्या सांध्याला पक्का आधार लावून मोकळे होण्याचा मोह नवख्यांना होतो. तसे न करता, कोणती दिशा मोकळी राहिली आहे हे शोधून तेवढीच बंद करावी.

पायरी २: चार प्रकारची उत्तरे हाताने काढा

आपली तुळई पोलादाची, ६ मीटर गाळ्याची (गाळा म्हणजे दोन आधारांमधले अंतर), ३०० मिलिमीटर खोलीची आहे असे समजू. तिच्या काटछेदाचे क्षेत्रफळ ५४ चौरस सेंटिमीटर आणि जडत्वाचा आघूर्ण, म्हणजे आकारामुळे काटछेद वाकण्याला किती विरोध करतो त्याचे माप, ज्याला सगळे ‘आय’ म्हणतात, ८,००० सेंटिमीटर चतुर्थ घात आहे. पोलादाचा ‘ई’, म्हणजे साहित्याच्या ताठरपणाचा स्थितिस्थापकता गुणांक, २०० गिगापास्कल घेतला की ई आणि आय यांचा गुणाकार १६,००० किलोन्यूटन-चौरस मीटर येतो. तुळईवर सारखा पसरलेला भार दर मीटरला २० किलोन्यूटन आहे.

आता एकच संख्या काढून ठेवावी: भार गुणिले गाळ्याचा चौथा घात, भागिले ईआय. म्हणजे २० × १,२९६ ÷ १६,००० = १.६२ मीटर. या संख्येला ‘क’ म्हणू. आधार कोणताही असो, महत्तम बाक, म्हणजे वाकल्याने तुळईचे खाली जाणे, ‘क’च्या एखाद्या अपूर्णांकाएवढाच असतो. तो अपूर्णांक मात्र पूर्णपणे आधार ठरवतात.

दोन्ही टोके साधी टेकलेली, म्हणजे एकीकडे बिजागरी आणि दुसरीकडे रोलर: क × ५/३८४ = २१.१ मिलिमीटर.
एक टोक पक्के, दुसरे साधे टेकलेले: क ÷ १८५ = ८.८ मिलिमीटर, तेही मध्यावर नसून साध्या टोकापासून सुमारे २.५३ मीटरवर.
दोन्ही टोके पक्की: क ÷ ३८४ = ४.२ मिलिमीटर.
एक टोक पक्के, दुसरे पूर्ण मोकळे, म्हणजे कॅन्टिलिव्हर: क ÷ ८ = २०२.५ मिलिमीटर.

तुळई तीच, भार तोच, साहित्य तेच, आणि उत्तर ४ मिलिमीटरपासून २०० मिलिमीटरपर्यंत. गाळ्याच्या तीनशेव्या भागाची मर्यादा लावली तर या तुळईला २० मिलिमीटर बाक चालेल. म्हणजे साधी टेकलेली तुळई थोडक्यात नापास होते आणि पक्क्या टोकांची तुळई आरामात पास होते. पासनापासाचा हा निकाल सर्वस्वी यादीतल्या एका चिन्हाने दिलेला आहे.

कॅन्टिलिव्हरच्या आकड्याबद्दल एक सावधगिरी बाळगावी. तिच्या मुळाशी ३६० किलोन्यूटन-मीटर मोमेंट येतो आणि त्याने काटछेदातला ताण सुमारे ६७५ मेगापास्कल होतो, म्हणजे सामान्य संरचनात्मक पोलाद त्याआधीच कायमचे वाकलेले असेल. रेषीय विश्लेषणाला, म्हणजे भार दुप्पट तर विस्थापनही दुप्पट असे मानणाऱ्या हिशेबाला, हे ठाऊक नसते. ते २०२.५ मिलिमीटर हा आकडा तितक्याच शांतपणे छापते. विस्थापन पाहताना त्यासोबतचा ताणही पाहावा, तो यासाठी.

साध्या टोकांचे ५ आणि पक्क्या टोकांचे १ यांतला फरक पाठ करण्यापेक्षा समजून घेणे सोपे आहे. तुळई साधी टेकलेली असेल तर ती मध्यावर क × ५/३८४ इतकी खाली जाते आणि तिची टोके फिरतात. टोके पक्की केली म्हणजे आधार त्यांना उलट दिशेने पिळून पुन्हा सरळ करतात. यासाठी लागणारा टोकाचा मोमेंट भार गुणिले गाळ्याचा वर्ग भागिले १२, म्हणजे आपल्या तुळईत ६० किलोन्यूटन-मीटर आहे. दोन्ही टोकांना असा मोमेंट दिला की तुळईचा मध्य वर उचलला जातो, आणि हे उचलणे मोमेंट गुणिले गाळ्याचा वर्ग भागिले ८ ईआय इतके, म्हणजे हिशेब केल्यास नेमके क × ४/३८४ येते. पाचातून चार गेले, एक उरला. आधाराच्या मोमेंटने बाक कसा कमी होतो हे एवढ्या वजाबाकीत संपूर्ण दिसते, आणि पुढे चौथ्या पायरीत हीच वजाबाकी उपयोगी पडणार आहे.

पायरी ३: आडव्या दिशेकडे वेगळे लक्ष द्या

सरळ तुळई, फक्त उभा भार, रेषीय विश्लेषण आणि तुळईच्या मध्यअक्षावर लावलेले आधार, अशी परिस्थिती असेल तर एकीकडे रोलर ठेवला काय किंवा दोन्हीकडे बिजागरी ठेवली काय, बाक २१.१ मिलिमीटरच येतो. कारण अशा मॉडेलमध्ये वाकणे आणि लांबीच्या दिशेतले सरकणे एकमेकांत मिसळत नाहीत. पाठ्यपुस्तकातली उदाहरणे बहुधा अशीच असल्याने ‘दोन्ही बिजागरी लावल्या तरी काही बिघडत नाही’ अशी सवय लागते. ही सवय महाग पडते. ती कुठे पडते ते पाहू.

हीच तुळई आता सॉफ्टवेअरमध्ये एका रेषेऐवजी पत्र्याच्या किंवा घन घटकांनी, म्हणजे खोलीसह छोट्या छोट्या तुकड्यांनी, उभी केली आहे असे समजा. प्रत्यक्षात तुळई खालच्या कडेवर टेकते, म्हणून आपणही आधार खालच्या कडेच्या सांध्यांना लावतो. हे बरोबरच आहे. भार आला की साध्या तुळईचे प्रत्येक टोक ०.०११२५ रेडियनने फिरते. मध्यअक्ष खालच्या कडेपासून १५० मिलिमीटरवर आहे, त्यामुळे खालची कड प्रत्येक टोकाला सुमारे १.७ मिलिमीटर बाहेर सरकू पाहते. दोन्ही टोके मिळून ३.४ मिलिमीटर. एका टोकाला रोलर असेल तर हे सरकणे निमूटपणे होऊन जाते आणि बाक २१.१ मिलिमीटर राहतो.

दोन्ही टोकांना बिजागरी लावली की मात्र हे ३.४ मिलिमीटर अडतात. आधार आतल्या बाजूला ढकलू लागतात, आणि हे ढकलणे मध्यअक्षाच्या १५० मिलिमीटर खाली असल्याने टोकांना उलटा मोमेंट मिळतो. गणित मांडल्यास आडवे बल सुमारे २४१ किलोन्यूटन आणि त्याचा मोमेंट ३६ किलोन्यूटन-मीटर येतो. या मोमेंटने मध्य १०.२ मिलिमीटर वर उचलला जातो आणि बाक उरतो १०.९ मिलिमीटर. फिरण्यावर आपण कसलेही बंधन घातले नव्हते. केवळ आडवे सरकणे दोन्हीकडे अडवल्याने बाक जवळजवळ निम्मा झाला, आणि वीस मिलिमीटरच्या मर्यादेत नापास होणारी तुळई पास झाली.

हे २४१ किलोन्यूटन प्रत्यक्षात कोण सोसणार, हा प्रश्न आता विचारायचा. विटांच्या भिंतीवर टेकलेली तुळई असेल तर उत्तर ‘कोणीच नाही’ असे आहे. भिंत किंचित सरकेल, तुळई टेकणीवर घसरेल आणि बाक पुन्हा २१ मिलिमीटरच्या आसपास जाईल. घन घटकांच्या मॉडेलमधून अपेक्षेपेक्षा कमी बाक आला की मी सर्वांत आधी आडव्या प्रतिक्रिया पाहतो. केवळ उभ्या भाराखालच्या तुळईत मोठी आडवी प्रतिक्रिया दिसली तर चूक बहुधा तिथेच सापडते.

छताच्या कैचीत हीच चूक आणखी ठळक होते. दोन तिरपे दांडे आणि खालचा आडवा दांडा अशी सर्वांत साधी त्रिकोणी कैची घ्या. तिरपे दांडे पाय पसरू पाहतात आणि खालचा दांडा त्यांना धरून ठेवतो. म्हणून तो ताणात असतो, थोडा लांबतो आणि रोलरचे टोक तेवढे बाहेर सरकते. दोन्ही पायांना बिजागरी लावल्या की खालच्या दांड्याची लांबी बदलूच शकत नाही, त्यामुळे त्यातले बल नेमके शून्य येते आणि शिखराचे खाली जाणेही कमी दिसते. शिकत असताना मी एका कैचीचे आधार असेच लावले होते, आणि खालचा दांडा जवळजवळ बिनकामाचा आहे असा निष्कर्ष काढून तो बारीक करायला निघालो होतो. तपासणाऱ्या ज्येष्ठ अभियंत्यांनी फक्त आडव्या प्रतिक्रियेवर बोट ठेवले. कैचीला एकत्र बांधून ठेवणारा तो एकमेव दांडा होता.

तापमानाचा हिशेबही याच दिशेत येतो. पोलाद दर अंश सेल्सियसला आपल्या लांबीच्या दहा लाख भागांपैकी १२ भाग लांबते. ३० अंशांनी तापलेली ६ मीटरची तुळई २.१६ मिलिमीटर लांबते. रोलर असेल तर एवढे विस्थापन होते आणि ताण शून्य राहतो. दोन्ही टोके पूर्ण अडवली तर विस्थापन शून्य होते आणि ताण ७२ मेगापास्कल, म्हणजे आपल्या काटछेदात सुमारे ३८९ किलोन्यूटन बल, उभे राहते. विस्थापन अडवण्याची किंमत बलात मोजावी लागते, आणि ती किंमत भाराच्या किमतीहून मोठी निघू शकते.

पायरी ४: ‘पक्का’ आधार खरोखर किती पक्का आहे ते ठरवा

पूर्ण बिजागरी आणि पूर्ण पक्का आधार ही दोन टोके आहेत. खरे सांधे त्यांच्या मध्ये कुठेतरी बसतात. हे मधले वागणे मॉडेलमध्ये आणायचे असेल तर आधाराला फिरण्याची स्प्रिंग लावतात. तिचा ताठरपणा म्हणजे टोक एक रेडियन फिरवायला लागणारा मोमेंट. हा ताठरपणा तुळईच्या ईआय भागिले गाळा या संख्येच्या किती पट आहे हे पाहणे सोयीचे असते. आपल्या तुळईसाठी ती संख्या सुमारे २,६६७ किलोन्यूटन-मीटर प्रति रेडियन आहे. या पटीला ‘प’ म्हणू.

दोन्ही टोकांना सारखी स्प्रिंग असेल तर टोकाचा मोमेंट पूर्ण पक्क्या मोमेंटच्या प/(प + २) इतका येतो. दुसऱ्या पायरीतली वजाबाकी आठवा: पाचातून चार पूर्ण न जाता चाराचा एवढाच भाग वजा होतो. म्हणून बाक = क/३८४ × (५ − ४प/(प + २)). प शून्य ठेवला की साधी तुळई मिळते आणि प अतिशय मोठा केला की पक्की.

युरोकोड ३, म्हणजे पोलादी संरचनांच्या युरोपीय मानकाच्या, सांध्यांविषयीच्या भागात या पटीवरूनच सांध्यांचे वर्ग केलेले आहेत. अर्ध्या पटीपर्यंतचा सांधा बिजागरीचा मानता येतो. बाजूने नीट ब्रेसिंग केलेल्या, म्हणजे आडवे झुकणे रोखणारे दांडे लावलेल्या, चौकटीत ८ पट किंवा अधिक, आणि तसे ब्रेसिंग नसलेल्या चौकटीत काही अटींसह २५ पट किंवा अधिक ताठरपणा असेल तर सांधा पक्का मानतात. आपल्या तुळईत हे आकडे घालून पाहा. प = ०.५ ला बाक १७.७ मिलिमीटर येतो, प = २ ला १२.७, प = ८ ला ७.६ आणि प = २५ ला ५.५. म्हणजे नियमाने ‘पक्का’ ठरलेल्या ८ पटीच्या सांध्यातही बाक आदर्श पक्क्या आधाराच्या ४.२ मिलिमीटरच्या १.८ पट आहे. मजबुतीच्या तपासणीसाठी हे वर्गीकरण सोयीचे आहे. बाकाच्या तपासणीत मात्र ‘नियमाने पक्का आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मर्यादेच्या जवळ असलेल्या तुळईला स्प्रिंग लावूनच पाहावे.

स्प्रिंगचा ताठरपणा ठरवता येत नसेल तर विश्लेषण दोनदा करावे, एकदा बिजागरी धरून आणि एकदा पक्का धरून. बाकासाठी पहिल्या उत्तराकडे आणि टोकाच्या मोमेंटसाठी दुसऱ्या उत्तराकडे पाहावे. एकाच बिंदूवर एकच भार असेल तर आधार अधिक ताठर केल्याने त्या बिंदूचे भाराच्या दिशेतले विस्थापन कधीच वाढत नाही, त्यामुळे खरे उत्तर या दोहोंच्या मध्येच असते. अनेक गाळ्यांच्या तुळईत भारापासून दूरच्या बिंदूबद्दल मात्र अशी खात्री देता येत नाही.

कॅन्टिलिव्हरमध्ये मुळाशी झालेले थोडेसे फिरणेही टोकाला मोठे होऊन दिसते. ५ मीटर उंच खांबाचा पाया केवळ ०.००२ रेडियनने फिरला तर खांब अजिबात न वाकताही त्याचे डोके १० मिलिमीटर सरकते. इथे ‘पक्का’ हा शब्द फार जपून वापरावा लागतो.

पायरी ५: आधार स्वतः खाली जातो का, ते विचारा

आपल्या तुळईला मध्यावर तिसरा, अजिबात न दबणारा आधार दिला तर ३ मीटरचे दोन गाळे होतात आणि महत्तम बाक २१.१ वरून सुमारे ०.५५ मिलिमीटरवर येतो. हा आकडा मनाला सुखावतो, पण तो आधार म्हणजे नेमके काय आहे हे पहिल्या पायरीच्या कागदावर लिहायला घेतले की अनेकदा ‘खालून आडवी जाणारी दुसरी तुळई’ असे उत्तर निघते. ती तुळई स्वतःच वाकणारी आहे. समजा ती पहिलीसारखीच, त्याच काटछेदाची, ६ मीटर गाळ्याची, साधी टेकलेली आहे आणि तिच्यावर स्वतःचा वेगळा भार नाही. तिच्या मध्यावरचा ताठरपणा ४८ ईआय भागिले गाळ्याचा घन, म्हणजे दर मीटरला ३,५५६ किलोन्यूटन येतो. आधाराच्या जागी एवढ्या ताठरपणाची उभी स्प्रिंग लावली की मध्यबिंदूचा बाक बरोबर निम्मा, सुमारे १०.५ मिलिमीटर येतो. न दबणारा आधार ७५ किलोन्यूटन उचलत होता, हा ३७.५ किलोन्यूटन उचलतो. नवख्या माणसाने आडव्या तुळईच्या जागी रोलरचे चिन्ह लावणे ही मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक आहे, आणि तिच्यामुळे मुख्य तुळईचा बाक खऱ्यापेक्षा कितीतरी कमी दिसतो.

पाया खचण्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. साध्या तुळईचा एक आधार १० मिलिमीटर खाली गेला तर ती तुळई सरळ राहूनच तिरकी होते. मध्यबिंदू ५ मिलिमीटर खाली जातो, पण तुळईत एकही अतिरिक्त मोमेंट येत नाही. दोन्ही टोके पक्की असताना तेवढाच आधार खचला तर टोकांना ६ ईआय गुणिले खचणे भागिले गाळ्याचा वर्ग, म्हणजे २६.७ किलोन्यूटन-मीटर मोमेंट येतो. भाराने आलेल्या ६० किलोन्यूटन-मीटरच्या तुलनेत हा ४४ टक्के आहे. भाराच्या बाबतीत ताठर आधार बाक कमी करतो, आणि खचण्याच्या बाबतीत तोच ताठरपणा संरचनेवर उलटतो.

याच ठिकाणी निष्कर्ष वाचण्याची एक काळजी सांगतो. सॉफ्टवेअर सांध्याचे एकूण विस्थापन देते. त्यात आधार खचल्याने झालेले खाली जाणेही मिसळलेले असते. गाळ्याच्या तीनशेव्या भागासारखी मर्यादा मात्र दोन टोके जोडणाऱ्या रेषेपासून मोजलेल्या बाकाला लावायची असते. टोकांची विस्थापने आधी वजा करावीत.

पायरी ६: चौकटीत खांबाच्या पायाचा आधार पाहा

तुळईत बाक उभा असतो, चौकटीत आडवे झुकणे जास्त महत्त्वाचे ठरते. दोन खांब आणि वर एक अतिशय ताठर तुळई अशी चौकट घ्या. खांबांची उंची ४ मीटर, प्रत्येकाचा ईआय १६,००० किलोन्यूटन-चौरस मीटर, आणि वरच्या पातळीवर २० किलोन्यूटन आडवे बल. खांबांचे पाय पक्के असतील तर चौकट ३.३ मिलिमीटर झुकते. पाय बिजागरीचे असतील तर १३.३ मिलिमीटर, म्हणजे बरोबर चौपट. वरची तुळई प्रत्यक्षात वाकणारी असते, त्यामुळे दोन्ही आकडे वाढतात आणि त्यांचे प्रमाणही बदलते.

पायाच्या बाबतीत निर्णय एकट्याने घेऊ नये. खांबाचा पाय पक्का धरला की झुकणे कमी होते, पण त्या बदल्यात पायावर मोमेंट येतो आणि तो सोसेल एवढा पाया बांधावा लागतो. विश्लेषणात पक्का धरलेला पाय आणि नकाशात दोन बोल्टांची पातळ तळपट्टी, अशी विसंगती दोन वेगळ्या माणसांच्या कामातून सहज निर्माण होते. पायाचे आरेखन करणाऱ्याशी बोलून मगच चिन्ह ठरवावे.

पायरी ७: उत्तर हाती आल्यावर तपासणी

विश्लेषण चालले म्हणजे ते बरोबर आहे असे नाही. मी ज्या क्रमाने तपासतो तो क्रम असा आहे. सर्वप्रथम सर्व उभ्या प्रतिक्रियांची बेरीज एकूण भाराशी जुळते का ते पाहावे. आपल्या तुळईत ती १२० किलोन्यूटन यायला हवी. ही बेरीज कोणत्याही आधारांनी जुळते, म्हणून तिच्यावरून आधार बरोबर आहेत असे कधीही समजू नये, फक्त भार हरवलेला नाही एवढेच कळते.

त्यानंतर वाकलेला आकार मोठा करून पडद्यावर पाहावा. पक्क्या टोकाशी वक्ररेषा मूळ रेषेला स्पर्श करून निघायला हवी, बिजागरीशी ती कोन करून निघायला हवी आणि रोलर आपल्या दिशेत सरकलेला दिसायला हवा. तिरप्या पृष्ठभागावरचा रोलर असेल तर तो त्या पृष्ठभागाच्या दिशेत सरकतो का, हे विशेष पाहावे. बंधन पृष्ठभागाच्या दिशेऐवजी संपूर्ण मॉडेलच्या आडव्या-उभ्या अक्षांमध्ये दिले गेले असेल तर तो चुकीच्या दिशेने सरकतो आणि आकड्यांवरून ते पटकन लक्षात येत नाही.

मग प्रतिक्रियांची चिन्हे. एखादा आधार तुळईला खाली ओढतो आहे असे उत्तर आले आणि प्रत्यक्षात तुळई तिथे नुसती टेकलेली असेल, तर ते टोक वर उचलले जाणार आहे आणि रेषीय विश्लेषणाने दिलेले सगळे विस्थापन चुकीचे आहे. गाळ्याबाहेर पुढे आलेल्या तुळईच्या मागच्या टोकाला हे सहज घडू शकते. तिथे एकतर टोक खाली बांधून टाकावे, किंवा फक्त दाब घेणारा आधार लावून विश्लेषण पुन्हा करावे.

शेवटी हाताने काढलेल्या चार उत्तरांकडे परत यावे. आपल्या तुळईच्या आधारांबद्दल काहीही गृहीत धरले तरी, दोन्ही टोके टेकलेली आणि न खचणारी असताना आणि मध्ये आधार नसताना, बाक ४.२ आणि २१.१ मिलिमीटर यांच्या दरम्यानच यायला हवा. तो ३ मिलिमीटर आला किंवा ३० मिलिमीटर आला तर चूक भारात, एककांत किंवा पहिल्या पायरीच्या कागदावर आहे. आणि तो कागद गणनापत्रकाला जोडून ठेवावा, कारण सहा महिन्यांनी तळपट्टीचे बोल्ट बदलण्याचा प्रस्ताव येईल तेव्हा ते फिरणे कशाने अडले होते हे त्याच रकान्यात वाचायला मिळेल.